कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर पाऊल उचलत नसेल तर

कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, पायातली कळ गेली. पण चालताना पाऊल लोंबते, चप्पल निसटते, बांधाला अंगठा ठेचकाळतो. असे झाले की पेडणे-डिचोलीतील आपले शेतकरी बांधव म्हणतात, "ऑपरेशन फुकट गेले." आम्ही सांगतो, इतक्यात निराश होऊ नका.

मणक्यांमधील गादी सरकली की पायाकडे जाणारी शीर चेपते. शस्त्रक्रियेने दाब निघतो, पण शीर आपल्याच गतीने सावरते. ती नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत वा महिन्यांत जोर येतो. तिचे धागे तुटले असतील तर ते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतात. कमरेपासून नडगीच्या स्नायूपर्यंत अर्ध्या मीटरहून अधिक अंतर. म्हणजे दीड वर्ष सहज लागते. माड लावून दुसऱ्या वर्षी कोणी नारळ मागत नाही. काहींचे पाऊल पुरते सुधारत नाही, हेही खरे. तरी आधार लावून त्यांना चालता येते.

तोवर घोटा आखडू देऊ नये. आखडला तर पुढे जोर येऊनही पाऊल वर होणार नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पाय लांब करून, पाठ टेकून बसावे. तळव्याच्या पुढच्या भागाला टॉवेल अडकवून पाऊल सावकाश स्वतःकडे ओढावे, अर्धा मिनिट धरावे. असे रोज दोन-तीन वेळा करावे. पाऊल आपण होऊन उचलण्याचा प्रयत्नही करावा. चालताना पाऊल उचलून धरणारा प्लास्टिकचा आधार फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने वापरावा.

बधिर पावलाला जखम कळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी तळवा पाहावा, निखाऱ्याचा शेक घेऊ नये, गरम पाणी आधी हाताने तपासावे. खाजनाच्या चिखलात अनवाणी उतरू नये. जखमेतून लेप्टोचे जंतू शिरतात. डॉक्टर सांगेपर्यंत ओझे उचलणे, वाकून लावणी करणे आणि सांजांवला विहिरीत उडी मारणे वर्ज्य. कमरेला जोराचे मालीशही नको.

लघवी अडकली, गुदद्वाराभोवती बधिरपणा आला किंवा पायाचा जोर आणखी कमी झाला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून त्याच वेळी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जावे. ताप आला किंवा जखमेतून पू आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांनी रोजच्या तेर्साबरोबर टॉवेलचा व्यायामही चुकू देऊ नये. देव बळ देतो. चिकाटी आपली हवी.