बिनसमुद्राचा किनारा

क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाट्याला समुद्रकिनारा वीतभरही आलेला नाही. पूर्व आणि दक्षिणेकडचे पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके तर पावसाची वाट पाहण्यातच वर्ष काढतात. पश्चिमेचा अकोले तालुका मात्र थेट सह्याद्रीच्या धारेवर जाऊन थांबतो. घाटघरच्या कड्यावर उभं राहिलं की पायाखाली ठाणे जिल्ह्यातलं शहापूरचं कोकण पसरलेलं दिसतं. अरबी समुद्रावरून आलेले ढग जून-जुलैत या भिंतीला अडतात आणि इथंच रिते होतात. ते पाणी साठतं भंडारदऱ्याच्या जलाशयात. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे ही गावं या पाण्याच्या आसपास वसली आहेत. या जिल्ह्याला किनारा आहे, तो एवढाच.

इथली भरती पावसानं येते आणि ओहोटी पाटबंधारे खात्याच्या आवर्तनानं.

सुट्टीत काही बघण्यापेक्षा काही शिकून यावं, ही कल्पना आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर चांगली रुजली. कर्नाटकात मुल्कीला २००४ मध्ये मंत्र सर्फ क्लब सुरू झाला. आश्रमात राहायचं, शाकाहारी जेवायचं आणि सकाळी फळी घेऊन लाटांवर जायचं, असा तिथला शिरस्ता. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मूर्ती मेगावन या मच्छीमार तरुणानं आधी स्वतः लाटांवर उभं राहायला शिकून घेतलं, मग गावातल्या पोरांना शिकवलं, आणि २०१२ मध्ये तिथं ‘कोवलाँग पॉइंट’ ही सर्फिंगची शाळा उभी राहिली. पाहुणा चार-आठ दिवस राहतो, सकाळी पाण्यात पडतो-उठतो, दुपारी त्याच गावची मासळी खातो, आणि त्याला शिकवणारा बहुधा कोळ्याचाच मुलगा असतो. मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगच्या निमित्तानं हेच झालं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या समुद्र होता, त्यांच्या हाती नवी विद्या आली आणि ती विद्या गावातच राहिली.

अकोले तालुक्याच्या या किनाऱ्यावर लाटा नाहीत. इथं शिकायचा आहे तो कातळ. त्याची शाळा साम्रदला भरते.

साम्रद हे जलाशयापलीकडचं, रतनगडाच्या पायाशी असलेलं लहानसं गाव. गावाबाहेर थोडं चाललं की सपाटी एकदम फाटते आणि खाली जाणारी चिंचोळी घळ समोर येते. हीच सांदण दरी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेल्या बेसाल्टला पडलेली ही चीर जवळजवळ दोन किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती दोनशे ते चारशे फूट उंच आहेत, आणि काही ठिकाणी त्या इतक्या जवळ येतात की भर दुपारीही तळाशी ऊन पोचत नाही. सुरुवातीलाच पाण्याचा डोह लागतो. पाऊस संपल्यावरही तो बराच काळ भरलेला असतो आणि कमरेइतक्या गार पाण्यातून पुढं जावं लागतं. त्यानंतर लहान-मोठ्या दगडांचा खच. चपला घालून आलेल्या पाहुण्यांची हौस बहुतेक वेळा इथंच फिटते आणि ते मागं फिरतात.

पुढं कातळाचे टप्पे लागतात आणि दोर निघतात. डोक्यावर हेल्मेट, कमरेला हार्नेस, त्यात अडकवलेला डिसेंडर, त्यातून गेलेला मुख्य दोर, आणि वरून दुसऱ्या माणसानं धरलेला सुरक्षेचा दोर. सामान एवढंच. सांगणंही चार वाक्यांत संपतं: पाय खांद्याइतके फाकवा, तळवे कातळावर सपाट टेकवा, पाठ मागं झुकवून सगळं वजन दोरावर सोडा, आणि कमरेमागचा हात काही झालं तरी सोडू नका, कारण ब्रेक तोच आहे. कडा गाठल्यावर शरीर याच्या नेमकं उलट वागतं. भीतीनं माणूस कातळाला बिलगतो. बिलगला की पायांची पकड सुटते आणि तो गुडघ्यांवर आपटतो. सर्फिंग शिकणारा पहिल्या दिवशी फळीकडे खाली बघतो आणि म्हणूनच पाण्यात पडतो, तसाच हा प्रकार. अंगाला जे सुरक्षित वाटतं तेच घात करतं, एवढं अंगात मुरलं की पहिला धडा झाला. तो मुरायला काहींना पाच मिनिटं लागतात, काहींना पूर्ण टप्पा उतरेपर्यंत वेळ लागतो, आणि वरून कुणीतरी शांतपणे ‘मागं झुका, अजून झुका’ असं सांगत असतं.

सांगणारा बऱ्याचदा साम्रदचाच असतो. गिर्यारोहण संस्थांबरोबर आधी ओझी वाहायला, मग वाट दाखवायला आणि पुढं दोर लावायला, अशा क्रमानं इथले तरुण या कामात आले. दोराची गाठ शिकता येते. पण घळीच्या वर कुठं तरी पडलेला पाऊस खाली कोरड्या दगडांत उभ्या असलेल्या माणसापर्यंत कसा आणि किती झटकन पोचतो, हे कळायला त्या डोंगरात वाढावं लागतं. म्हणूनच पावसाळ्यात ही दरी बंद असते. बंदी मोडून उतरणाऱ्यांना धाडसी म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती आता सोडायला हवी.

पूर्ण दरी उतरणारे एक रात्र खालीच काढतात. समोर बाण सुळका, बाजूला आजोबाचा डोंगर. पुढं डेहणे गावाकडे उतरून कोकणात जाता येतं, नाही तर करोली घाटानं चढून परत साम्रदला. ही घाटवाट पूर्वी देश आणि कोकण यांच्यातल्या येण्याजाण्याची. आज तिच्यावर पाठपिशव्यांचीच वर्दळ जास्त.

इतका दम नसलेल्यांनी रतनवाडी गाठावी. शेंडीहून जलाशयाच्या कडेकडेनं रस्ता आहे. पाणी आणि हवा बरी असेल तर बोटही मिळते. गावात अमृतेश्वराचं देऊळ आहे, शिलाहारकालीन, भूमिज शैलीच्या शिखराचं. पावसाळ्यात त्याच्या गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंडी बुडते. शेजारची पुष्करणी आवर्जून पाहण्यासारखी. चारी बाजूंच्या देवकोष्ठांत मूर्ती आहेत आणि पायऱ्यांवरून थेट पाण्यापर्यंत जाता येतं. रतनगडाची वाट इथूनच निघते. गडाच्या माथ्यावर वाऱ्यानं आरपार कोरलेलं नेढं आहे. प्रवरा उगम पावते ती याच डोंगरात. ती पूर्वेला वाहत जाऊन नेवासे तालुक्यात, टोक्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे अरबी समुद्रावरून आलेलं पाणी सह्याद्रीच्या धारेवर पडतं आणि निघतं बंगालच्या उपसागराकडे.

या नियमाला अपवाद आहे घाटघरचा. २००८ पासून चालणाऱ्या तिथल्या अडीचशे मेगावॉटच्या वीजप्रकल्पात वरच्या धरणातलं पाणी बोगद्यातून कोकणातल्या खालच्या धरणात सोडतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपानं परत वर चढवतात.

भंडारदऱ्याचा जलाशय ज्या भिंतीमागे उभा आहे तिचं काम १९१० मध्ये सुरू झालं. चुन्यात बांधलेलं हे दगडी धरण सुमारे २७० फूट उंच आहे. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते १० डिसेंबर १९२६ रोजी त्याचं उद्‌घाटन झालं, म्हणून ते विल्सन डॅम. जलाशयाला आर्थर लेक म्हणत. सुमारे ११ टीएमसी पाणी इथं साठतं. पाण्याची वाट जाते ती खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे. लोणीचा साखर कारखाना, म्हणजे महाराष्ट्रातला पहिला सहकारी कारखाना, ज्या उसावर उभा राहिला तो प्रवरेच्या पाण्यावरचा. त्याखालच्या निळवंडे धरणाचं पाणी डाव्या कालव्यातून दुष्काळी गावांकडे निघालं ते २०२३ मध्ये, प्रकल्पाला पहिली मंजुरी मिळून पन्नासहून अधिक वर्षं उलटल्यावर. काठावरच्या डोंगरगावांची शेती मात्र आजही मुख्यतः पावसावरची, एका खरिपाची. समोर एवढं पाणी असताना हे असं का, असा प्रश्न पाहुण्याला पडतो. पाणी उताराच्या दिशेनं जातं, आणि ऊसही उताराच्या दिशेलाच आहे.

या गावांत वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. समुद्रावरच्या सोनकोळ्यांशी महादेव कोळ्यांचं नाव जुळतं, जगणं जुळत नाही. जलाशयात जाळी टाकणारे आहेत, पण खरा व्यवहार भात, नागली, वरई, खुरासणी आणि जंगलातला हिरडा यांचा. जुलैत आवणीच्या दिवसांत गेलं तर अख्खं गाव पाठीवर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन चिखलात वाकलेलं असतं. हौस असलेल्या पाहुण्याला रोपांची जुडी हातात मिळू शकते. त्यानं लावलेली ओळ मागून कुणीतरी सरळ करून घेतं, ते वेगळं. खाचरात दिसणारी पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची जनावरं डांगी जातीची. त्यांच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे धो-धो पावसातही ती टिकतात. राजूरला या जनावरांचं प्रदर्शन भरतं. 

जेवणात नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, पावसाच्या सुरुवातीला खेकड्यांचा रस्सा, रानभाज्या. घरात असेल तर काळभाताचा वास चुलीजवळ बसल्या-बसल्या कळतो. हे वाण टिकलं कसं, याचं उत्तर याच तालुक्यातल्या कोंभाळण्यात आहे. राहीबाई पोपेरे यांनी तिथं घरच्या घरी देशी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईंकडे आज कृषी पदवीधर शिकायला येतात. शिकायची सुट्टी म्हणतात ती याहून वेगळी नसते.

भंडारदऱ्याला सर्वाधिक गर्दी मात्र यातल्या कशासाठीच होत नाही. ती होते काजव्यांसाठी. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंतच्या दिवसांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर काजव्यांचे थवे बसतात आणि झाडंच्या झाडं एका तालात उजळतात-विझतात. प्रकाशाची ही उघडझाप म्हणजे नर-मादीनं एकमेकांना दिलेली हाक असते. त्या हाकेत गाडीचे दिवे, मोबाइलचे टॉर्च आणि तंबूंवरच्या माळा मिसळल्या की तिचा पत्ता चुकतो. काजव्याची अळी ओल्या मातीत गोगलगाई खाऊन वाढते. झाडाखालची जमीन तुडवली गेली तर पुढच्या वर्षीचे काजवे तिथंच चिरडले जातात. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. वन विभाग दरवर्षी नियम लावतो, वेळा ठरवतो. तरी शनिवारी रात्री घाटघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि काजव्यांपेक्षा लाल दिवेच जास्त दिसतात. काजवा महोत्सवानं इथल्या घरांना हंगामी पैसा दिला, हे खरं आहे. पण एका रात्रीत येऊन पहाटे निघून जाणारा पाहुणा गावाला जे देतो, त्याहून जास्त दोन रात्री घरी राहणारा, वाटाड्याची मजुरी मोजणारा आणि नागली विकत नेणारा पाहुणा देतो. कोवलमच्या कोळ्यांना सर्फिंगमधून जे मिळालं, ते गर्दीतून मिळालं नव्हतं.

या डोंगरांची आणखी एक ओळख पर्यटनाच्या पाट्यांवर अलीकडेच दिसू लागली आहे. देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध इथल्याच कडेकपारींच्या आधारानं बंड केलं. १८४८ च्या जानेवारीत ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. ज्या घळी आणि घाटवाटा आज दोरानं उतरायला शिकवल्या जातात, त्या तेव्हा फौजेला न सापडणाऱ्या वाटा होत्या.

जायचं असेल तर रेल्वेनं इगतपुरी जवळचं. तिथून घोटी, बारीमार्गे शेंडी. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव, आणि १६४६ मीटरचं ते शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे, तेव्हा एक दिवस त्यासाठी ठेवावा. सांदण दरी दोरानं उतरण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. वाटाड्या साम्रदमधूनच घ्यावा, हार्नेस आणि हेल्मेट स्वतः तपासून पाहावं, नसेल तर उतरू नये. जलाशयात पोहायला उतरू नये. काठ गाळाचा आहे आणि लगेच खोल होतो. मुक्कामाला रतनवाडी किंवा साम्रदमध्ये कुणाच्या घरी जागा मिळते, जेवणाचं आदल्या दिवशी सांगावं लागतं. आणि मोठ्या आवाजाचा स्पीकर बरोबर असेल, तर तो घरीच ठेवून निघावं.