दहा मासे, दोन फुटी टँक आणि एक काका

घरी आल्यावर टीव्हीऐवजी मासे बघायचे, स्ट्रेस एकदम छू! हे वाचलं आणि मी लगेच फ्लॅट झाले. रविवारी क्रॉफर्ड मार्केट गाठलं. दोन फुटी टँक, फिल्टर, रंगीत खडे आणि दहा पिटुकले गोल्डफिश, सगळं एका फेरीत. ‘दहा चालतील ना?’ मी विचारलं. ‘आरामात,’ दुकानदार म्हणाला.

बुधवारी पाणी दुधाळ झालं. गुरुवारी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. मी घाबरून सगळं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून धुतला. रविवारपर्यंत नऊ मासे गेले. रोज ऑफिसला निघण्याआधी एक-दोन मासे जाळीने काढायचे... स्ट्रेस रिलीफ म्हणे!

शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांना गाठलं. त्यांच्याकडे चार फुटी टँक आहे. ते म्हणाले, ‘अगं, तू त्यांना त्यांच्याच संडासात कोंडलंस.’

मग त्यांनी जे सांगितलं ते दुकानात कुणी सांगितलंच नव्हतं. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. हे विषच. काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. ही फौज पाण्यात कमी, स्पंजवर आणि खड्यांवर जास्त राहते. ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी तिला चार दिवस दिले, आणि जी काही जमली होती ती नळाच्या क्लोरीनने मारली!

शिवाय गोल्डफिश घाण भरपूर करतो आणि वीतभर वाढतो. दोन फुटी टँकमध्ये जेमतेम ५० लिटर पाणी. म्हणजे वन आरकेमध्ये अख्खी वऱ्हाडी मंडळी.

वाचलेला एकटा गोल्डफिश काकांच्या टँकमध्ये गेला. माझा टँक मी महिनाभर बिनमाशांचा चालवला. फिल्टर सुरू, रोज चिमूटभर खाणं, सोबत काकांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा. पाहुणे विचारायचे, ‘मासे कुठायत?’ टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावरच गप्पी आणले. आधी तीन, दोन आठवड्यांनी आणखी तीन. सगळे नर, नाहीतर पिल्लांनी पुन्हा गर्दी!

आता दर रविवारी अर्धा तास. पाव टँक पाणी काढायचं, तेवढंच अँटी-क्लोरीन घातलेलं पाणी भरायचं. स्पंज धुवायचा तो काढलेल्या पाण्यातच. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच.

तुम्हालाही टँक घ्यायचाय? जरूर घ्या. फक्त पहिल्या फेरीत नुसता टँक आणा. मासे थांबतील. माझे नऊ थांबू शकले नाहीत.