भुकेल्यांची पंगत

कथाकादंबऱ्यांतील मेजवान्या वाचताना तोंडाला पाणी सुटते. पण पुस्तक मिटल्यावर त्यांतील किती पदार्थ आठवतात, हे वाचकाने स्वतःशीच पडताळून पाहावे. टॉलस्टॉयच्या ‘ॲना करेनिना’त ऑब्लॉन्स्की मोठ्या चोखंदळपणे कालवे मागवतो, लक्षात राहतो तो मात्र कोबीचे सार आणि लापशी यांवर जीव असलेला लेव्हिन. कथेतील अन्नाला चव येते ती खाणाऱ्याच्या भुकेमुळे.

प्रेमचंदांची ‘कफन’ ही याची सर्वांत दाहक साक्ष होय. झोपडीत सून प्रसववेदनांनी तळमळत आहे आणि दाराशी घीसू व माधव हे बापलेक दुसऱ्याच्या शेतातून उपटून आणलेले बटाटे निखाऱ्यांतून काढून खात आहेत. आत जाऊन पाहावे, तर मागे राहिलेला अधिक बटाटे फस्त करील ही धास्ती! निवेपर्यंत धीर नाही. आतला गर जीभ भाजतो, म्हणून तो घाईघाईने गिळावयाचा. चवीचा येथे प्रश्नच उद्भवत नाही. चव आहे ती घीसूच्या आठवणीत. वीस वर्षांपूर्वी ठाकुराकडच्या लग्नात जेवलेल्या खऱ्या तुपातल्या पुऱ्या, रायते, दही, मिठाई आणि नको नको म्हणताना पानावर पडणाऱ्या गरम कचोऱ्या! त्यानंतर तसे पोटभर जेवण त्याला कधी मिळाले नाही. मुलगा ते ऐकतो आणि मनातल्या मनात त्या पंगतीला बसतो. बापाने मुलाला द्यावा असा वारसा तो एवढाच.

पुढे कफनासाठी मागून आणलेल्या पैशांतून दोघे दारूच्या गुत्त्यावर पुऱ्या, लोणचे, कलेजी यांवर ताव मारतात. वर्गात या प्रसंगाला निर्दयपणाचा नमुना ठरवून मोकळे होण्याचा मोह होतो. (परीक्षेतल्या उत्तरालाही ते सोयीचे असते.) पण पोट भरल्यावर माधव उरलेल्या पुऱ्यांची पत्रावळ एका भिकाऱ्याला देऊन टाकतो आणि देण्यातला अभिमान आयुष्यात प्रथमच अनुभवतो. हा तपशील गाळून निकाल देणे न्याय्य नव्हे.

भूक माणसाचे सत्त्व हिरावून घेतेच असे म्हणावे, तर सोल्झेनित्सिनच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील इव्हान देनिसोविच आडवा येतो. श्रमछावणीतला हा कैदी टोपी काढल्याखेरीज जेवावयास बसत नाही. स्वतः घडवलेला चमचा बुटात जपून ठेवतो. पातळ सारातील लहानशा माशाचे कल्ले, शेपटी, काटे, सारे तो चावून खातो. डोळे जागच्या जागी असतील तर तेही. सुटून वाडग्यात तरंगू लागलेले डोळे मात्र तो खात नाही, सोबती हसले तरी.