स्वीटकॉर्नच्या सोबतिणी: एका दशकाचा मागोवा

मक्यात दुसरे पीक घेण्याची रीत जवळजवळ मक्याइतकीच जुनी आहे. दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे 9,000 वर्षांपूर्वी तेओसिन्ते नावाच्या गवतापासून मका घडला. त्याच प्रदेशातील ‘मिल्पा’ पद्धतीच्या शेतांत मका, घेवडा आणि भोपळा एकत्र वाढू लागले. उत्तर अमेरिकेतील हौडेनोशॉनी लोकांनी या पिकांना ‘तीन बहिणी’ म्हटले. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो आणि भोपळ्याची रुंद पाने जमिनीवर पसरून तण दाबतात, ओल धरतात.

बागकामाच्या पुस्तकांतून ही माहिती जगभर गेली, पण जाताना तिच्याबरोबर दोन चुका गेल्या. घेवडा शेजारच्या मक्याला नत्र पुरवतो, ही पहिली चूक. मुळांवरच्या गाठींत बांधले गेलेले बहुतेक नत्र घेवडा स्वतःच वापरतो आणि ते जमिनीला मिळते ते त्याची मुळे व पाला कुजल्यावर, म्हणजे पुढच्या पिकाला. दुसरी चूक अधिक महाग पडली. तीन बहिणींतला मका उंच ताटाचा होता आणि मुख्यतः वाळवून खाण्याचा होता. वाळलेली कणसे हंगामाच्या शेवटी काढली जात, तोवर वेलांत कोणाला पाय घालावा लागत नसे. स्वीटकॉर्नचे तसे नाही. कणसाला केस फुटल्यावर साधारण वीस दिवसांनी तोडणी होते. त्या वेळी भोपळ्याचे वेल भरात असतात आणि तोडणाऱ्यांच्या पायाखाली येतात. चढणारा घेवडा बुटके ताट वाकवतो, आणि पावसाळी वाऱ्यात दोघेही आडवे होतात. म्हणून स्वीटकॉर्नला सोबत लागते ती बुटक्या, लवकर येणाऱ्या पिकांची.

स्वीटकॉर्नचा गोडवा एका जनुकातील बदलामुळे टिकतो. साखरेचे पिष्टात रूपांतर होण्याचा वेग कमी होतो आणि दाणा काही दिवस गोड राहतो. 1950 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातील जॉन लॉफ्नन यांनी दाखवलेल्या दुसऱ्या जनुकातून अतिगोड वाण निघाले. त्यांचे बी सुरकुतलेले आणि हलके असते, आणि गार, ओल्या मातीत त्याची उगवण कमजोर होते. भारतात मक्याचा समन्वित संशोधन प्रकल्प 1957 मध्ये सुरू झाला खरा, पण त्याचे लक्ष दीर्घकाळ धान्याच्या मक्यावरच राहिले. हैदराबादहून माधुरी आणि प्रिया हे गोड वाण आले, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले मधु दिला. बाजार मात्र खऱ्या अर्थाने काबीज केला तो कंपन्यांच्या संकरित बियाण्यांनी.

2008 ते 2018 हे दशक महाराष्ट्राच्या बाबतीत निर्णायक ठरले. मॉलमध्ये आणि सिनेमागृहांत वाफवलेल्या दाण्यांचे मसाला लावलेले कप विकले जाऊ लागले, महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यांवर कणसांच्या गाड्या वाढल्या, गोठवलेल्या दाण्यांच्या कारखान्यांनी माल मागायला सुरुवात केली. पुणे, सातारा, नाशिक या जिल्ह्यांत गादीवाफे, ठिबक, 60 बाय 20 सेंटिमीटरवर टोकण आणि 75 ते 85 दिवसांत रोख पैसा असा साचा बसला. या साच्यात सोबतीच्या पिकाला जागाच ठेवली नव्हती.

त्याआधी ती जागा होती. दख्खनच्या खरिपात पाभरीमागे मोघा बांधून मुख्य पिकाच्या ओळींत तूर, मटकी, चवळी पेरली जाई. बाजरीत वाळके आणि शेंदाडे टाकली जात. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल शेतकऱ्यांनी देशी मक्याचे वाण त्यांच्या जोडीच्या कडधान्यांसह सांभाळले. या मधल्या ओळींतला माल बाजारात क्वचितच जाई, तो घरच्या भाजीचा असे. त्याचे बीही बहुतेक घरांत बायकाच राखून ठेवत. कोणत्या चवळीचा वेल फार धावत नाही, कोणते वाळूक सावलीत धरते, ही माहिती खुरपणीच्या रांगेत एकीकडून दुसरीकडे जाई.

हे ज्ञान शेतकऱ्याच्या आळसामुळे गेले, असे म्हणणे अन्यायाचे आहे. ते घालवले तणनाशकाने. मका पेरल्यावर दोन-तीन दिवसांत अॅट्राझिन फवारण्याची शिफारस या दशकात गावोगाव पाळली जाऊ लागली. मक्याचे रोप या रसायनाचे विघटन करते आणि वाचते. घेवडा, चवळी, काकडी, भोपळा यांना ते जमत नाही. ही रोपे उगवून पिवळी पडतात आणि मरतात. मातीत त्याचा अंश बराच काळ राहतो, त्यामुळे मक्यामागून येणाऱ्या पिकालाही त्याचा त्रास होऊ शकतो. भूजलात ते सापडू लागल्यामुळे युरोपीय संघाने 2004 मध्येच त्याची मान्यता काढून घेतली होती. मजुरांची टंचाई खरी होती आणि खुरपणीचा खर्च परवडत नव्हता, हेही मान्य करायला हवे. पण मका आणि कडधान्य दोघांनाही चालणारे पेंडीमिथालीन त्याच दुकानांत मिळत होते. सल्ला देणाऱ्यांनी शेतकऱ्याला या दोहोंतला फरक सांगायला हवा होता. तो क्वचितच सांगितला गेला, आणि त्याची किंमत त्या दशकाने घरच्या भाजीच्या रूपाने मोजली.

परसबागांची गोष्ट वेगळी होती. तिथे तणनाशक नव्हते, तरी निराशा आली, कारण मका एका लांब ओळीत कुंपणालगत लावला गेला. मक्याचे परागण वाऱ्यावर होते. तुऱ्यातले पराग कणसाच्या प्रत्येक केसावर पडावे लागतात, कारण एका केसामागे एक दाणा असतो. एकाच ओळीतले बरेचसे पराग वाऱ्याबरोबर बाहेर जातात आणि कणसे बोळकी निघतात. चार आखूड ओळींचा चौकोन करून मधल्या पट्ट्यांत मेथी, कोथिंबीर किंवा बुटका घेवडा घेतला की दाणा भरतो. कोरेगावचा वाघ्या घेवडा याला चपखल बसतो. तो झुडपासारखा वाढतो आणि त्याचा कालावधीही स्वीटकॉर्नच्या जवळपास असतो. मका वीतभर झाल्यावर घेवडा टोकला, तर कोणी कोणाला दाबत नाही. फुलावर सोडलेली कोथिंबीर आणि शेपू परोपजीवी गांधीलमाश्यांना मकरंद देतात. टोमॅटो मात्र शेजारी नको. टोमॅटोचे फळ पोखरणारी हिरवी अळी कणसाच्या टोकातही शिरते.

मे 2018 मध्ये कर्नाटकातील शिवमोग्ग्याजवळ मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली, आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोचली. पतंग रात्री दूरवर उडतो आणि अंडी पुंजक्याने घालतो. अळी पोंग्यात शिरते आणि आपल्याच विष्ठेआड लपते, त्यामुळे फवारा तिच्यापर्यंत नीट जात नाही. सलग मका हे तिच्यासाठी आयतेच ताट होते. धान्याच्या मक्याला फवारणीनंतर वाळायला वेळ मिळतो. स्वीटकॉर्नचा दाणा दुधाळ असतानाच ताटात येतो, म्हणून उशिरा केलेली प्रत्येक फवारणी इथे अधिक चिंतेची आहे.

त्यानंतर निघालेल्या सल्ल्यांत जुनी रीत परत आली. मक्यात तूर, मूग, उडीद घ्यावा, कडेने नेपियर गवताच्या तीन-चार ओळी सापळा म्हणून लावाव्यात, असे त्यांत सांगितले गेले. त्याला आधार होता. केनियातील ‘इसिपे’ या कीटकविज्ञान संस्थेने मक्यात डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती आणि बांधावर गवत लावण्याची पद्धत विकसित केली होती. डेस्मोडियमचा वास पतंगांना दूर ठेवतो, गवत त्यांना ओढून घेते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात अशा शेतांत लष्करी अळ्यांचे प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक घटलेले दिसले. महाराष्ट्रात यशवंत आणि जयवंत या नेपियरच्या जाती गोठ्यांसाठी आधीपासूनच लावल्या जात होत्या, त्यामुळे कडेच्या ओळींचे बेणे दारातच होते. पण ज्या शेतकऱ्याला कडधान्य घ्या म्हणून सांगितले गेले, त्यालाच तणासाठी अॅट्राझिनही सुचवले गेले. दोन्ही एकत्र पाळता येत नाहीत.

डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, आणि इथेनॉलसाठी धान्याच्या मक्याची मागणी वाढली. असा मका स्वीटकॉर्नच्या जवळ आला की त्याचे पराग गोड कणसावर पडतात आणि ते दाणे त्याच हंगामात पिठूळ होतात. साध्या गोड आणि अतिगोड वाणांचे परागही एकमेकांचा गोडवा असेच घालवतात. निदान 250 मीटरचे अंतर किंवा पेरणीत तीन आठवड्यांचा फरक ठेवला तर हे टळते. परसबागेत एवढे अंतर मिळत नाही, तिथे तारखाच मागेपुढे कराव्या लागतात.

कणसे तोडल्यावर हिरवी ताटे कुट्टी करून जनावरांना जातात. मागाहून टोकलेला घेवडा तोवर रानातच असतो. ताटे गेल्याने त्याला ऊन मिळते आणि उरलेल्या शेंगा भरतात. शेंगा काढताना रोप उपटायचे नाही, जमिनीलगत कापायचे. गाठींतले नत्र मातीत राहते, आणि मागून येणाऱ्या लसणाला किंवा पालकाला ते मिळते.