जुन्या गाळ्यांचा नवा नकाशा
लेखमाला : गावाचा नकाशा, भाग ९

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात नगरपरिषदेचं व्यापारी संकुल ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. तळमजल्यावर शटरची रांग, मधोमध जिना, वर तशीच दुसरी रांग आणि त्यातली बरीच शटरं बंद. गाड्या रस्त्यावर, कारण आत जागाच सोडलेली नाही. स्लॅबचं प्लास्टर पडू लागलं की 'हे पाडून नवं बांधा' अशी मागणी निघते. मग एक दिवस कुणीतरी म्हणतो, 'नकाशात बसत नाही.' वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या चार नगरपरिषदा आणि मालेगाव, मानोरा या दोन नगरपंचायती वाशीम जिल्ह्यात आहेत. यांपैकी कुठेही अशा जुन्या संकुलाचा पुनर्विकास काढला, तर हे 'नकाशात बसणं' म्हणजे काय आणि ते बसवताना गाळेधारकाचं काय होतं, हा या भागाचा विषय.

ही संकुलं एकाच साच्यातली का, याचं एक कारण पैशात आहे. १९७९-८० मध्ये केंद्र सरकारने लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना आणली. रस्ते-नाल्यांसोबत उत्पन्न देणारी कामं घ्या आणि त्यातून कर्ज फेडा, असा तिचा रोख होता. उत्पन्न देणारं सगळ्यात सोपं काम म्हणजे गाळे. बांधायचे, अनामत घ्यायची, किराया वसूल करायचा. २००५ मध्ये ही योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली, पण तोवर राज्यातल्या अनेक नगरपरिषदांना गाळ्यांची सवय लागली होती. शहराला किती दुकानं लागतील, कुठे लागतील, वर काय असावं, असा विचार त्यात क्वचितच होता. गिऱ्हाईक जिना चढत नाही, हे कोणत्याही दुकानदाराने सांगितलं असतं.

दुसरं कारण नियमांत आहे. जमिनीचे वापरानुसार तुकडे पाडायचे, इथे राहायचं, तिथे विकायचं, पलीकडे कारखाना, हा विचार आपल्याकडे बाहेरून आला. अमेरिकेत क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड नावाच्या गावाने असे विभाग पाडले. जमीनमालक कंपनी कोर्टात गेली आणि १९२६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९२९ मध्ये क्लॅरेन्स पेरी या नियोजनकाराने 'शेजार' कसा असावा याचा आराखडा मांडला: मध्ये शाळा, आत घरं आणि दुकानं वस्तीच्या कडेला, रस्ते मिळतात तिथे. हा विचार भारतातल्या नियोजनकारांनीही उचलला. आपल्या विकास योजनांच्या नकाशात एखाद्या कोपऱ्यावर 'शॉपिंग सेंटर' असं आरक्षण दिसतं, त्याची वंशावळ अशी लांबची आहे. पेरीच्या डोळ्यांसमोर शांत उपनगर होतं. आपल्या गावात मात्र पिढ्यान्‌पिढ्या खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हीच रीत. तिला जुन्या नियमांनी अपवाद ठरवलं, हे मला नेहमीच उफराटं वाटत आलं आहे.

विदर्भाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मुंबई इलाख्यात १९१५ पासून नगररचनेचा कायदा होता. वऱ्हाड १९५६ पर्यंत त्या राज्यातच नव्हतं. आज ज्याच्या आधारे सगळं चालतं तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा, लागू झाला ११ जानेवारी १९६७ ला. वाशीमपुरतं पाहिलं तर इंग्रजी अमलात हे जिल्ह्याचं ठिकाण होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला, वाशीम अकोल्यात गेलं आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा जिल्हा झाला. म्हणजे १९९८ पूर्वीचा कोणताही हिशेब तालुक्याच्या गावाचा होता. त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालय आलं, बँका आणि शिकवण्या वाढल्या. अकोला-नांदेड महामार्ग रुंद झाला, शेलूबाजार-कारंजाकडून समृद्धी महामार्ग गेला. विकास योजनेचा वीस वर्षांतून एकदा तरी फेरविचार करावा, असं कलम ३८ सांगतं. वीस वर्षांत बाजार कुठल्या कुठे जातो, हे कलम लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असावं.

आता मुख्य गैरसमज. 'एफएसआय मिळत नाही म्हणून पुनर्विकास अडतो' असं चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत बोललं जातं. एक हिशेब करू. समजा, दाट वस्तीबाहेर १,००० चौरस मीटरचा भूखंड आहे. त्यावर दहा-दहा चौरस मीटरचे २४ गाळे खाली आणि २४ वर, म्हणजे साधारण ४८० चौरस मीटर बांधकाम. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि मोजकी क्षेत्रं वगळता राज्यभर एकच नियमावली आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. तिच्यात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय, १.१ आहे. म्हणजे १,१०० चौरस मीटर तसेच मिळतात. जिने, मार्गिका, बाल्कनी यांच्यासाठी अधिमूल्य भरून व्यापारी वापराला आणखी ८० टक्के मिळतात (राहत्या वापराला ६०). ८८० धरले तर बेरीज १,९८० होते. आज आहे त्याच्या चौपट. अधिमूल्य भरून मिळणारा जादा निर्देशांक आणि हस्तांतरणीय विकास हक्क यांचा विचार तर अजून केलेलाच नाही.

मग अडतं कुठे? तीन ठिकाणी. पहिलं पार्किंग. जुनं संकुल बांधलं तेव्हा गिऱ्हाईक पायी किंवा सायकलने यायचं. आजच्या नियमाने दुकानाच्या क्षेत्राच्या प्रमाणात गाड्यांची जागा दाखवावी लागते. छोट्या शहरांना त्यात सूट आहे, तरी हजार चौरस मीटरच्या भूखंडात गाड्यांचा उतार आणि वळण काढताना तळमजल्याची पुढची, सगळ्यात मोलाची दुकानं जातात. दुसरं रस्त्याची रुंदी. जादा निर्देशांक, उंची, कोणता वापर चालेल, सगळं समोरचा रस्ता किती मीटरचा यावर ठरतं. नकाशात तो रुंद आणि जागेवर अतिक्रमणाने आवळलेला असला तर कागद आणि जमीन यांची गाठ पडत नाही. तिसरं म्हणजे आरक्षण. भूखंडावर विकास योजनेत फक्त 'शॉपिंग सेंटर' लिहिलेलं असेल, तर वर अभ्यासिका, दवाखाने किंवा घरं काढायला नियमावलीतच वाट आहे का, हे आधी तपासावं लागतं. वाट नसेल तर योजनेतच फेरबदल करावा लागतो.

पार्किंगच्या या सक्तीवर जगात पुनर्विचार सुरू आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान पार्किंगची अट काढून टाकली. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून व्यापारी विभागातल्या जागांवर घरं बांधण्याची वाट मोकळी केली, कारण ओस पडलेली दुकानांची संकुलं आणि घरांची टंचाई एकाच शहरात शेजारी शेजारी होती. आपण अट सरसकट काढावी असं मी म्हणणार नाही; वाशीमच्या पाटणी चौकात संध्याकाळी दुचाकी लावायला जागा शोधणारा माणूस मला सोडणार नाही. पण प्रत्येक भूखंडाला वेगळं पार्किंग मागण्याऐवजी चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक सामायिक वाहनतळ आरक्षित करणं छोट्या गावाला जास्त परवडतं.

फेरबदलाची वाट कलम ३७ मध्ये आहे. योजनेचं मूळ स्वरूप न बदलणारा फेरबदल नगरपरिषद ठराव करून सुचवते. शासन राजपत्रात नोटीस निघते आणि एक महिन्यात हरकती व सूचना मागवल्या जातात. ज्यांच्यावर परिणाम होतो अशा सर्वांना नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं. मग प्रस्ताव शासनाकडे जातो आणि नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन मंजुरी किंवा नकार येतो. कागदावर प्रक्रिया उत्तम आहे. मधल्या काही वर्षांत मात्र राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते, म्हणजे ठराव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. अशा काळात हरकतींचा तो एक महिना हाच काय तो लोकांचा दरवाजा उरतो.

आणि इथेच गाळेधारक उघडा पडतो. खासगी मालकाच्या इमारतीतल्या भाडेकरूला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कवच आहे. इमारत पाडून नवी बांधली तर तिच्यात परत जागा मागण्याचा हक्क त्याला तो कायदा देतो. पण कलम ३ नुसार शासनाच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीच्या जागांना हा कायदाच लागू नाही. नगरपरिषदेच्या गाळ्यात तीस वर्षं बसलेला माणूस करारावर जगतो, आणि करार संपला की पावतीवर. त्यात १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम ९२ आहे. नगरपरिषदेला आपली स्थावर मिळकत चालू बाजारभावाकडे डोळेझाक करून कुणाला देता येत नाही. इमारत नवी झाली की बाजारभाव नवा, आणि जुना गाळेधारक लिलावात आपल्याच जागेसाठी बोली लावायला उभा.

हे नुसतं भय नाही. जळगावात महापालिकेच्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली. भाडं किती, थकबाकी किती, नूतनीकरण की लिलाव, यावरचा वाद वर्षानुवर्षं चालला, उच्च न्यायालयापर्यंत गेला. व्यापारी रस्त्यावर आले आणि पालिकेची तिजोरीही अडली. तिथे इमारती पाडायचा प्रश्न नव्हता, तरी ही गत. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीत महापालिकेच्या मंडयांच्या पुनर्विकासासाठी स्वतंत्र विनियम आहे, ३३(२१). समूह विकासाच्या ३३(९) खाली भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर सुमारे १,२५० दुकानांच्या पुनर्वसनासह काम सुरू झालं. त्या योजनेला लागलेला वेळ पाहिला तर हेवा वाटायचं कारण नाही. पण दुकानदाराला काय मिळणार हे पाडकामाआधी ठरलं पाहिजे, एवढं तिथे मान्य झालेलं आहे. राज्याच्या नियमावलीत तीस टक्के किंवा प्रतिसदनिका १५ चौरस मीटर अशी जी ठळक पुनर्विकास सवलत आहे, ती गृहनिर्माण संस्थांच्या राहत्या इमारतींसाठी लिहिलेली आहे. गाळ्यांचा माणूस तिच्यात बसत नाही.

माझं मत असं. वाशीमसारख्या ब वर्ग नगरपरिषदेने जुनं संकुल पाडावं, मिश्र वापर मागावा, वरचे बंद मजले घरांना आणि अभ्यासिकांना द्यावेत. नियम बदलण्यात काहीच गैर नाही. पण फेरबदलाचा ठराव आणि गाळेधारकांचा पुनर्वसन ठराव एकाच सभेत झाले पाहिजेत. आधी नकाशा, मग माणसं बघू, या क्रमाने गेलेल्या कामात ठेकेदार आणि कोर्ट दोघांचीच चलती होते.

अशी नोटीस तुमच्या गावात निघाली तर गाळेधारक संघटनेच्या एका सामायिक अर्जावर विसंबू नका. प्रत्येकाने स्वतःची हरकत द्या: गाळा क्रमांक, मोजलेलं क्षेत्र, किती वर्षांपासून ताबा, करार आणि पावत्यांच्या प्रती. मागण्याही लिहा: तळमजल्यावर तेवढ्याच क्षेत्राचा गाळा, बांधकाम चालू असेपर्यंत बाजारातच पर्यायी जागा, नव्या किरायाचं सूत्र, पूर्ण होण्याची तारीख. पोटकिरायेदार असाल तर तेही लिहा, लपवू नका. प्रत्यक्ष सुनावणी हवी असं स्पष्ट मागा आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. जमीन नझूल, म्हणजे शासनाच्या मालकीची, आहे का, हेही त्याच दिवशी विचारून घ्या; त्याविषयी पुढच्या भागात. हरकतीची मुदत एकच महिना असते, आणि ती नोटिशीच्या तारखेपासून मोजली जाते, तुमच्या कानावर बातमी आली त्या दिवसापासून नाही.