जाळी फुटावर नको, वजनावर घ्या
लेखमाला : आपली हद्द, आपलं कुंपण (भाग 4)

मागच्या भागात मोजणीबद्दल लिहिलं होतं. मोजणीची 'क' प्रत हातात आली, हद्दीच्या खुणा पक्क्या झाल्या, बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यालाही त्या मान्य झाल्या, की मगच तारेचं नाव काढावं. ते सगळं झालं असं धरून आज चेनलिंक जाळीकडे वळू.

दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, 'किती फूट पाहिजे?' आपणही फूट सांगतो, दुकानदार फुटाचा दर सांगतो आणि घासाघीस त्या दरावरच होते. गडबड इथूनच सुरू होते. जाळी म्हणजे शेवटी लोखंड आणि त्यावरचं जस्त. ही दोन्ही किती आहेत हे फुटाच्या दरातून कळत नाही.

गेजचा आकडा मोठा होतो तशी तार बारीक होते. 8 गेजची तार साधारण 4 मिलिमीटर, 10 गेजची सव्वातीन, 12 गेजची 2.64 आणि 14 गेजची जेमतेम 2. दहा आणि बारा यांच्यात फरक सहा दशांश मिलिमीटरचा. तो डोळ्यांना कळत नाही, पण वजनात दीडपट होतो. पाच फूट उंचीचं, पन्नास फुटी, तीन बाय तीन इंची घराचं (म्हणजे जाळीच्या चौकोनाचं) बंडल खऱ्या दहा गेजचं असेल तर 40 किलोच्या आसपास भरतं. बारा गेजचं 27 किलोपर्यंत. चौकोनी एकराला भोवताली साधारण 835 फूट जाळी लागते. म्हणजे दहा सांगून बारा गेज गळ्यात मारली, तर एकरामागे सव्वादोनशे किलो लोखंड तुम्हाला मिळालेलंच नसतं.

दुसरी क्लृप्ती घराच्या मापाची. जाळी ताणून तीन इंचाचं घर साडेतीन इंचाचं केलं की तेवढ्याच तारेतून जास्त फूट निघतात. आणि हिरवी पीव्हीसी जाळी घेणाऱ्यांनी तर फारच जपावं. तिचं गेज प्लॅस्टिकसकट सांगतात. आतली तार चौदाचीही निघू शकते.

म्हणून बंडल काट्यावर ठेवायला सांगा. मग कडेची एक तार सोडवून घ्या. चेनलिंकची प्रत्येक तार नागमोडी पिळाची असते, कडेची दुमड उघडली की ती स्क्रूसारखी फिरत फिरत बाहेर येते आणि तशीच परत आतही जाते. दोन बंडलं जोडतात तीही याच रीतीने आणि मधली एखादी तार तुटली तर दुरुस्तीही अशीच होते. बाहेर काढलेल्या तारेची जाडी व्हर्नियरने मोजा. पीव्हीसी असेल तर ब्लेडने सोलून मोजा. चांगला दुकानदार याला आडकाठी करत नाही. जो करतो त्याच्याकडून घेऊ नये.

जस्ताचं मोजमाप मात्र घरी होत नाही, तिथे कागदच लागतो. जस्त चौरस मीटरला किती ग्रॅम, यावर जाळीचं आयुष्य ठरतं. 40 ग्रॅम म्हणजे सहा मायक्रॉनहून पातळ थर, 200 ग्रॅम म्हणजे 28 मायक्रॉन. नवी असताना दोन्ही सारख्याच चकाकतात. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. ते संपलं की गंज सुटतो. कोकणात खाऱ्या हवेने हे फार लवकर होतं. तिथे हलक्या थराची जाळी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. चेनलिंकसाठी भारतीय मानक आयएस 2721 आहे. बिलावर तो आकडा, गेज, घर, जस्ताचे ग्रॅम आणि एकूण किलो, हे सगळं लिहून मागा.

आता ठेकेदार. इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण तो मला महागात पडला. जाळी मी पारखून घेतली आणि खांबांचं काम फुटाच्या दराने एकाला अंगावर दिलं. दोन दिवस बाहेरगावी होतो, तेवढ्यात खांब उभे राहिले. बुडाशी सिमेंटच्या गोल चकत्या, सगळं नेटकं. दुसऱ्या पावसाळ्यात कोपऱ्याचा खांब आत झुकला आणि त्याच्यामागे सगळी ओळ. खणून पाहिलं तर वर चार बोटं काँक्रीट, खाली दगड-माती. खड्डाही फूटभरच. चांगली जाळी त्या खांबांसोबत जमिनीला लोळत होती.

तेव्हापासून सांगतो, जाळी ओढायच्या दिवशी नसलात तरी चालेल, पण खड्डे खणायच्या आणि भरायच्या दिवशी शेतावर हजर राहा. पाच फुटी जाळीला सात फुटी खांब, त्यातले दोन फूट जमिनीत. काळी भारी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, खांबाला दर वर्षी हलवते. तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जावं. काँक्रीट एकास दोन, चार. पूर्ण खड्डाभर, धुमसून. आठवडाभर पाणी मारल्याशिवाय जाळी ताणू देऊ नका. खांब आठ ते दहा फुटांवर, आणि प्रत्येक कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी टेकू. सगळा ताण कोपऱ्यांवर येतो आणि ठेकेदार नेमके टेकूच वाचवतो. लोखंडी अँगल असेल तर तोही वजनावर घ्यावा. 40 बाय 40 बाय 5 चा अँगल मीटरला 3 किलो भरतो.

ठेकेदार निवडताना त्याच्या मोबाइलमधले फोटो पाहू नका. तीन पावसाळे झालेलं त्याचं काम कुठे आहे ते विचारा आणि स्वतः जाऊन पाहा. कोपऱ्याचा खांब दोन्ही हातांनी हलवून बघा, खालची आडवी तार ढिली पडली आहे का ते बघा, त्या शेतकऱ्याशी चार शब्द बोला. दरात झाडोरा काढणं, वाहतूक, टेकू धरलेत की नाही, हे कागदावर घ्या. पैसे टप्प्याने द्या, शेवटचा हप्ता जाळी ताणून झाल्यावर.

चेनलिंक काय अडवते तेही नीट समजून घ्यावं. गुरं अडतात. रानडुक्कर खालून उचकटतं, म्हणून जाळीची खालची कड वीतभर गाडावी. माकडं तिच्यावरून शिडीसारखी चढतात, त्यांच्यासाठी हा खर्च करू नये. आणि काहीही झालं तरी जाळीला घरच्या विजेची तार जोडू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत.

पुढच्या भागात फाटक. तोवर ज्यांनी ठेकेदाराला विसार द्यायचं ठरवलंय, त्यांनी तो देण्याआधी त्याचं एक जुनं काम पाहून यावं, एवढी विनंती.