दोह्यातली टोळी कोण ठरवतं?

सिनेमा पाहून पायी घरी निघालेला एक शाळकरी मुलगा वाटेत बेदम मार खातो. भांडण काही झालेलं नसतं. त्याचे केस, कपडे आणि वस्ती एवढं मारणाऱ्या श्रीमंत पोरांना पुरेसं असतं. त्याची एक मैत्रीण संतापते आणि घरी जाऊन लिहायला बसते. वय वर्षं १५! अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातली ही मुलगी म्हणजे सुझन एलोईज हिंटन. तिची ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली छापून आली तेव्हा ती १८ वर्षांची होती. टोळ्यांच्या मारामारीची कादंबरी मुलीने लिहिलीय म्हटल्यावर समीक्षक न वाचताच नाक मुरडतील, म्हणून मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं छापली गेली. आणि ऐका, ही कादंबरी लिहीत असताना शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला श्रेणी मिळाली होती ‘डी’. पुढे त्याच पुस्तकाच्या कोटीच्या वर प्रती खपल्या.

इकडे मुंबईत दोनच वर्षं आधी, १९६५ साली, भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ आला होता. नाक्यावरची रिकामटेकडी पोरं, त्यांच्याच तोंडची भाषा, आणि ‘अश्लील, अश्लील’ म्हणून उठलेला गहजब. टल्साची शाळकरी मुलगी आणि मुंबईचा पत्रकार यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. तरी दोघांनी एकाच वस्तूकडे पाहिलं: विशीच्या आतबाहेरच्या पोराला घरापेक्षा टोळकं जवळचं का वाटतं?

अशा गोष्टीला नेमकं लागतं काय? दोन वस्त्या पायी पार करता येतील इतक्या जवळ हव्यात. सिनेमाचं थिएटर एकच हवं, म्हणजे दोन्हीकडच्यांना एकमेकांसमोर यावंच लागतं. आणि रेषेपलीकडचं निदान एक माणूस बोलणारं हवं. हिंटनने त्यासाठी चेरी नावाची श्रीमंत घरातली मुलगी आणली. ती कादंबरीच्या नायकाशी, गरीब वस्तीतल्या पोनीबॉयशी, बोलायला लागते आणि आपल्या लक्षात येतं, अरे, संध्याकाळी दोघांना सूर्यास्त तोच दिसतो!

आता ही मांडणी उचलून कतारमध्ये ठेवून बघू. पहिलीच पंचाईत: इथे पायी चालतं कोण? उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो. नाका म्हणावा असा नाकाच उरत नाही. पोरं जमतात ती मॉलमध्ये, नाहीतर हिवाळ्यात मेसाईदजवळच्या सीलाइनला, जिथे वाळूच्या उंच टेकड्यांवर लँड क्रूझर चढवण्याची चढाओढ लागते. पण खरी पंचाईत पुढेच आहे. श्रीमंत विरुद्ध गरीब ही टल्साची रेषा कतारी मुलांमध्ये ओढायला गेलं तर फार हाती लागत नाही. तिथली रेषा एका सालाने ओढलेली आहे. ते साल म्हणजे १९३०.

कतारच्या २००५च्या नागरिकत्व कायद्यानुसार ‘मूळचा’ कतारी तोच, ज्याचं घराणं १९३०च्या आधीपासून तिथे राहत होतं आणि १९६१चा पहिला कायदा येईपर्यंत तिथेच राहिलं. त्यानंतरचे ‘नागरिकत्व मिळालेले’. आणि कमाल अशी की हा शिक्का बापाकडून पोराकडे जातो. दोह्यातच जन्मलेला, दोह्यातल्याच शाळेत शिकलेला १४ वर्षांचा मुलगा कोणत्या रांगेत उभा राहणार, हे त्याच्या पणजोबाने १९३०च्या आधी तंबू कुठे ठोकला होता त्यावर ठरतं!

१९३०च का? सनावळी शेजारी ठेवली की उलगडा व्हायला लागतो. दुखानला तेल लागलं ते १९३९च्या सुमारास. म्हणजे ही रेषा तेलाच्या आधीची आहे. मोत्यांचा धंदा जपानी संवर्धित मोत्यांनी बुडवला होता, देश भुकेकंगाल होता, तेव्हा जे होते ते ‘आपले’. आपल्याकडे गाडीच्या जनरल डब्यात आधीच्या स्टेशनला चढलेला माणूस पुढच्या स्टेशनवाल्याला दार उघडत नाही, तसंच काहीसं. फरक एवढाच की या डब्यात पुढे सोनं निघालं.

पण वाळवंटातल्या ज्या टोळ्या पावसामागे फिरायच्या त्यांचं काय? अल मुर्रा ही मोठी बदू टोळी. तिचे लोक आज कतारमध्येही आहेत आणि सौदीतही, आणि त्यांचे पूर्वज उंटांना चारा दिसेल तिकडे, थेट रुब अल खालीच्या रित्या वाळवंटापर्यंत जायचे. त्यांना सरहद्द ठाऊकच नव्हती. अशा माणसाने ‘मी १९३०मध्ये अमुक ठिकाणी राहत होतो’ हे कोणत्या कागदाने सिद्ध करायचं? १९९६मध्ये, आदल्या वर्षी झालेला सत्तापालट उलटवण्याचा एक प्रयत्न फसला आणि त्यात या टोळीतल्या काहींचा हात असल्याचा ठपका आला. त्यानंतरच्या वर्षांत, विशेषतः २००४-०५मध्ये, या टोळीच्या अल गुफरान शाखेतल्या हजारो लोकांचं नागरिकत्वच काढून घेतलं गेलं. पुढे अनेकांना ते परत मिळालं, काहींना नाही. २०२१ साली देशात शूरा परिषदेची, म्हणजे तिथल्या विधिमंडळाची, पहिली निवडणूक झाली. ४५पैकी ३० जागा मतदानाने भरायच्या होत्या. उमेदवारी फक्त ‘मूळच्यांना’, आणि मत बाकीच्यांपैकी फक्त त्यांना, ज्यांचे आजोबा कतारमध्ये जन्मले. ऑगस्टमध्ये अल मुर्रांची माणसं निषेधाला बाहेर पडली. २०२४ साली सार्वमत घेऊन ती निवडणुकीची पद्धतच मोडीत काढली गेली.

अशा देशात टोळीची कादंबरी कशी असेल? तिथे ‘टोळी’ नाक्यावर जमत नाही, आडनावातच असते. चाकू-साखळ्यांची गरज पडत नाही. पोरगं जन्माला येताना बाजू घेऊनच येतं, आणि गोष्ट सुरू होते ती कुणाचं तरी पाऊल दोन्हीकडे पडलं की.

असं दोन्हीकडे पाऊल असलेली एक मुलगी खरोखरच आहे. सोफिया अल-मारिया, जन्म १९८३. वडील बदू घराण्यातले कतारी, आई अमेरिकन. बालपणाचा एक तुकडा वॉशिंग्टन राज्यातल्या हिरव्या शेतात, दुसरा दोह्यात, बापाच्या भरल्या गोतावळ्यात. २०१२ साली आलेल्या ‘द गर्ल हू फेल टू अर्थ’ या आठवणींमध्ये ती दोन्हीकडे उपरी आहे, आणि मला सगळ्यात भावतं ते हे की ती कुठेच कीव मागत नाही. नावातच अंतराळातून पडल्याचा विनोद आहे! पोनीबॉयला निदान आपली बाजू ठाऊक असते. हिला रोज नव्याने शोधावी लागते.

आणि कतारमध्ये कादंबरी हा प्रकारच किती कोवळा आहे, माहीत आहे? मराठीत ‘यमुना पर्यटन’ १८५७चं. कतारी लेखकांच्या पहिल्या कादंबऱ्या आल्या १९९३ साली, आणि त्या लिहिल्या दोन बहिणींनी: शुआ खलिफा आणि दलाल खलिफा. एका देशाची कादंबरी एकाच घरातून निघाली! तिथून पुढची धाव मात्र जोरात आहे. २०१४मध्ये अरबी कादंबरीसाठी कतारा पारितोषिक सुरू झालं, आणि काही वर्षांतच त्यात किशोरवयीन वाचकांच्या कादंबऱ्यांसाठी वेगळा विभागही आला.

आतापर्यंत आपण फक्त कतारींबद्दल बोललो. ते लोकसंख्येत जेमतेम दहा-बारा टक्के. उरलेले सगळे बाहेरचे, आणि त्यांच्यातही रेषा. २०१० साली कायदा झाला की कुटुंबं राहतात त्या भागात कामगारांची वसतिस्थानं नकोत. त्यामुळे टल्सातल्या पोरांना जी भेट टाळताच येत नव्हती, ती इथे नकाशानेच टाळली. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एकट्या मजुराला मॉलच्या दारावरून परत पाठवलं जायचं. त्याच दारातून आईबाबांबरोबर आपली मराठी मुलं आत जायची.

ही मुलं सीबीएसईच्या शाळेत शिकतात, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती म्हणतात, अरबी शिव्या अचूक उच्चारतात. त्यांचा निवासाचा परवाना बापाच्या नोकरीवर टांगलेला. मुलाला वडिलांच्या नावावर राहता येतं ते जास्तीत जास्त २५ वर्षांपर्यंत. मुलीला लग्न होईपर्यंत. इथेही कादंबरी दडलेली आहे, फक्त तिच्यात शत्रूची टोळी दिसत नाही. बाबांचं कंत्राट संपतं आणि दहावीच्या वर्गातला जिवलग मित्र उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत येत नाही. २०१८च्या कायद्याने कायम निवासाची वाट उघडली: बाहेर जन्मलेल्याने २० वर्षं काढलेली हवीत, कतारमध्ये जन्मलेल्याने १०. आणि वर्षाला असे परवाने साधारण १००. सगळ्या परदेश्यांमध्ये मिळून! दोह्यात वाढलेल्या मराठी पोराची गोष्ट पंचविसाव्या वाढदिवसाला संपवायची की तिथूनच सुरू करायची, एवढंच लेखकाने ठरवायचं.